ब्रशविरहित मोटार आणि वर्म गिअर

पालघर जिल्ह्यातील भातगिरणीचा वाहक पट्टा असो वा बोईसर-तारापूर औद्योगिक वसाहतीतील ढवळणी यंत्र असो, ते सावकाश पण जोराने फिरावे लागते. मोटार मात्र वेगाने फिरते. म्हणून तिला वर्म गिअरची पेटी जोडतात.

या पेटीत मळसूत्राप्रमाणे आटे असलेला पोलादी दांडा काशाच्या दंतचक्रास फिरवितो. दांड्यावर एकच आटा व चक्रास ३० दाते असल्यास, मिनिटास ३,००० फेरे घेणाऱ्या मोटारीचे १०० फेरे होतात. परंतु जोर तीसपट मिळत नाही. आटे दात्यांवर घासत सरकतात व बरीच शक्ती उष्णतेत जाते. कार्यक्षमता शेकडा ६० धरल्यास जोर अठरापटच होतो. मोटार निवडताना हा हिशेब प्रथम करावा. अन्यथा ती भाराखाली अडते व तापते.

ब्रशविरहित डी.सी. मोटारीत वेटोळ्यांतील प्रवाह इलेक्ट्रॉनिक नियंत्रक क्रमाक्रमाने बदलतो व त्यामुळे चुंबक बसविलेला रोटर फिरतो. साहजिकच ब्रशांची झीज व ठिणग्या टळतात. किनाऱ्यावरील दमट, खाऱ्या हवेत नियंत्रक मात्र घट्ट बंद पेटीत ठेवावा.

गिअरपेटीत निर्मात्याने सांगितलेलेच वंगण योग्य पातळीपर्यंत असावे. वर्म गिअरमुळे भार कधीच उलटा सरकत नाही, हा समज घातक आहे. हादऱ्यांनी तो घसरू शकतो. भार उचलणाऱ्या यंत्रास स्वतंत्र ब्रेक अवश्य बसवावा आणि साफसफाईपूर्वी वीज तोडावी. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी गिरणीचालकांस हे प्रत्यक्ष यंत्रापाशी समजावून द्यावे.