सीची लायब्ररी, चार प्रमाणं आणि विक्रोळीतला ळ

विक्रोळीत बोलायचं म्हटल्यावर सुरुवात गोदरेजच्या टाइपरायटरनेच करावी लागते. 1955 साली गोदरेजने टाइपरायटर बनवायला घेतला, पुढे इंग्रजीचा आला तसा देवनागरीचाही आला. सांगाडा तोच, रोलर तोच, रिबन तीच. बदलले ते अक्षरांचे ठसे आणि कळा. शिवाय आणखी एक बारीक गोष्ट: अक्षरावर मात्रा बसवायची तर ती कळ दाबल्यावर कॅरेज पुढे सरकता कामा नये. म्हणजे ठसे बदलून भागलं नाही, यंत्राला नव्या लिपीची एक सवयही शिकवावी लागली.

आजचा विषय हाच, फक्त यंत्र वेगळं. सी भाषेची प्रमाण लायब्ररी निरनिराळ्या यंत्रांवर कशी बसवतात? आम्ही आयुष्यभर तर्कशास्त्र शिकवलं, संगणकाकडे निवृत्तीनंतर वळलो. तेव्हा हा विषय आम्ही आमच्याच वाटेने सांगणार.

आधी लायब्ररी म्हणजे काय ते पाहू. पडद्यावर मजकूर छापणारं प्रिंटएफ, मेमरी मागणारं मॅलॉक, फाइल उघडणारं एफओपन ही सी भाषेची अंगं नव्हेत. ती लायब्ररीतून येतात. बेल लॅब्जमध्ये सी घडली ती 16 बिटांच्या पीडीपी-11 वर. 1977 च्या सुमारास डेनिस रिची आणि स्टीव्ह जॉन्सन यांनी युनिक्स इंटरडेटा 8/32 या 32 बिटांच्या यंत्रावर नेली, तेव्हा पहिल्या यंत्राच्या किती सवयी आपण नकळत गृहीत धरल्या होत्या ते उघडं पडलं. 1989 मध्ये सीचं अमेरिकन प्रमाण आलं, 1990 मध्ये आंतरराष्ट्रीय. लायब्ररीने काय द्यायचं ते त्यात ठरलं. कसं द्यायचं, ते ज्याच्या त्याच्या यंत्रावर सोडलं.

म्हणून चांगल्या लायब्ररीचे दोन मजले असतात. वरचा मजला सगळीकडे सारखा. खालचा लहान, तो प्रत्येक यंत्रासाठी वेगळा. छोट्या उपकरणांत वापरतात त्या न्यूलिबचं उदाहरण घ्या. प्रिंटएफ कितीही गुंतागुंतीचं असलं तरी शेवटी ते राइट नावाच्या एका लहान फंक्शनला हाक मारतं. मॅलॉक मेमरी मागतं ते एसब्रेककडे. अशी वीसएक फंक्शनं लिहून दिली की वरचा सगळा डोलारा उभा राहतो. राइटमधून अक्षरं पडद्यावर पाठवायची की सीरियल तारेवर, ते आपण ठरवायचं.

आता खरा प्रश्न. खालचा मजला बांधताना यंत्राबद्दल जे माहीत लागतं, ते कळणार कसं? ज्ञान कशाने होतं याला न्यायदर्शनाने चार उत्तरं दिली आहेत: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. गंमत बघा, लायब्ररी बसवणारे लोक नेमकी हीच चार साधनं वापरतात.

पहिलं प्रत्यक्ष. कॉन्फिगर नावाची स्क्रिप्ट एक चिमुकला प्रोग्रॅम लिहिते, चालवते आणि उत्तर पाहते. याहून चांगलं काय? पण लायब्ररी बांधतो ते यंत्र एक आणि ती चालणार ते दुसरं, असं वारंवार होतं. लॅपटॉपवर बसून आपण लिफ्टच्या नियंत्रकासाठी लायब्ररी बांधतो. चाचणी लॅपटॉपवर चालवली तर उत्तर लॅपटॉपचं येईल. प्रत्यक्षच, पण भलत्याच वस्तूचं.

तिथे अनुमान कामाला येतं. लाँग हा पूर्णांक आठ बाइटांचा आहे का, हे यंत्र न चालवता कसं कळेल? एक ॲरे जाहीर करायचा: लाँग आठ बाइटांचा असेल तर लांबी एक, नसेल तर उणे एक. उणे लांबीचा ॲरे कंपायलर नाकारतो. त्याने नाकारलं की आपल्याला उत्तर मिळालं. डोंगरावर न जाता धूर पाहून अग्नी ओळखला. अर्थात धूळ पाहूनही धुराचा भास होतो. एखादं फंक्शन आहे का ते पाहावं, लिंकरने हो म्हणावं, आणि प्रत्यक्षात ते नुसतं पोकळ कवच निघावं, हाक मारली की चूक परत करणारं. फंक्शन असणं आणि ते काम करणं यांची व्याप्ती तपासल्याशिवाय अनुमान करू नये, एवढंच.

तिसरं उपमान. गवय माहीत नसेल तर तो गाईसारखा असतो असं सांगतात. नवं यंत्र आलं की जवळच्या यंत्राची फोल्डर कॉपी करायची, ही तीच रीत. सुरुवात म्हणून उत्तम. पण एक उदाहरण ऐका. इंटेलच्या वाटेने जाणाऱ्या यंत्रांवर साधा कॅरॅक्टर प्रकार बहुधा उणे 128 ते 127 असतो. एआरएमवरच्या लिनक्समध्ये तो 0 ते 255 असतो. मर्यादा सांगणारी हेडर फाइल तशीच उचलली तर लायब्ररी सांगणार उणे 128 आणि कंपायलर वागणार शून्याने. कसली तक्रार येणार नाही. फाइल संपल्याची खूण ऋण असते, बहुधा उणे एक. ती कोणी अशा कॅरॅक्टरमध्ये साठवली तर 255 होऊन बसते, आणि वाचणारं चक्र थांबतच नाही.

चौथं शब्द, म्हणजे आप्ताचं वचन. प्रोसेसरची पुस्तिका, कंपायलरचं मॅन्युअल. इथे आमची एक सूचना आहे: यंत्राचं नाव ऐकून निष्कर्ष काढू नका. एकाच 64 बिट प्रोसेसरवर लिनक्समध्ये लाँग आठ बाइटांचा असतो, विंडोजमध्ये चार. नावाने फसवलं. जात विचारण्यापेक्षा काय येतं ते विचारावं, हे माणसांइतकंच यंत्रांनाही लागू आहे.

मग शब्दप्रमाण दुय्यम का? तसं नाही, आणि इथेच विक्रोळीतला ळ येतो. आपल्या शाळेतल्या वर्णमालेत ळ येतो ह नंतर. युनिकोडच्या क्रमात तो ल नंतर लगेच बसलेला आहे. सीमध्ये शब्दांची तुलना दोन प्रकारे होते: एसटीआरसीएमपी नुसते बाइट पाहतं, एसटीआरकॉल भाषेच्या रीतीने पाहतं. पहिलं काळे आधी ठेवतं, कासार नंतर. मराठी रीतीने कासार आधी. हजार नावांच्या छापील यादीत काळे आजी आपलं नाव कासारांनंतर शोधणार, आणि आपण यादीत नाहीच असं समजून घरी जाणार.

लायब्ररीला भाषेची रीत सांगायची सोय आहे, तिला लोकेल म्हणतात. तिच्यात आपल्या लाखांनाही जागा आहे: अंकांचे गट आधी तीनाचा, मग दोन-दोनाचे, म्हणजे 12,34,567. पण प्रत्येक सी प्रोग्रॅम सुरू होतो तो सी नावाच्या उघड्याबोडक्या लोकेलमध्ये. तिथे स्वल्पविराम नाही आणि ळ ची जागा बाइट ठरवतात. मसलसारख्या आटोपशीर लायब्ररीत तर एसटीआरकॉल बराच काळ एसटीआरसीएमपीचंच काम करत आलं आहे.

यंत्र किती बिटांचं ते पाहता येतं, ताडता येतं. ळ कुठे बसतो हे कुठल्याही यंत्राला खोदून कळणार नाही. ते कोणीतरी सांगावं लागतं, आणि सांगणारा आप्त म्हणजे आपणच, ही भाषा बोलणारे. आपण सांगितलं नाही तर लायब्ररी अडत नाही, चूकही दाखवत नाही. ती मुकाट्याने दुसऱ्याच्या क्रमाने चालते. तेव्हा तुमच्यापैकी जे हे काम करतात त्यांनी प्रत्येक नोंदीपुढे एवढं लिहून ठेवावं: हे पाहिलं, ताडलं, उचललं की कोणी सांगितलं. पुढे चूक निघाली तर कुठे शोधायचं ते कळेल.

इथे थांबू. प्रश्न असतील तर अवश्य विचारा.