छडीविना वर्ग: कायदा आणि तीन रकाने

शिक्षण हक्क कायद्याच्या (२००९) कलम १७ नुसार शाळेत शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळालाही बंदी आहे. मग विशेष शिक्षकाच्या हाती उरते काय? एक वही आणि तिच्यात तीन रकाने: आधी काय घडले, मुलाने काय केले, त्यानंतर काय झाले. या पद्धतीला ‘एबीसी नोंद’ म्हणतात. काही दिवसांच्या नोंदी चाळल्या की बहुधा चारांपैकी एखादे कारण दिसते: लक्ष वेधणे, नकोसे काम टाळणे, हवी ती वस्तू मिळवणे किंवा शरीराला हवीशी संवेदना मिळवणे.

गणिताच्या तासाला काम टाळण्यासाठी वही फाडणाऱ्या मुलाला वर्गाबाहेर काढले, तर त्याला हवे तेच मिळाले! त्यापेक्षा ‘थोडा वेळ थांबू?’ असे विचारणारे चित्रकार्ड त्याच्या हाती द्यावे. (गणिते झेपतील इतकीच आहेत ना, हेही तपासावे.)

लक्ष वेधण्यासाठीच्या आरडाओरड्याकडे दुर्लक्ष सुरू केले की तो आधी वाढू शकतो. भले भले शिक्षक नेमकी इथेच कच खातात आणि मूल आणखी मोठ्याने ओरडायला शिकते. मूल स्वतःला इजा करत असेल, तर मात्र दुर्लक्ष करून चालत नाही.