सलालाहचे धुके आणि गोष्टीतला इन्स्पेक्टर

नाट्यस्पर्धेचे दिवस जवळ आले की आपल्या मंडळींत एखादी तरी रहस्यमय एकांकिका लिहिली जाते. दिवाणखान्यात प्रेत असते, पाच-सहा पाहुणे असतात, बाहेर वादळ असते. इथपर्यंत सारे ठीक चालते. मग इन्स्पेक्टरसाहेब प्रवेश करतात आणि गाडी रुळावरून घसरते. साहेब एकटेच येतात. आल्याआल्या प्रेत उलटेपालटे करतात, पिस्तूल स्वतःच्या रुमालात गुंडाळून खिशात घालतात, घरच्या नोकराच्या मुस्कटात भडकावतात, आणि शेवटच्या पाच मिनिटांत खुनी आपण होऊन सगळे कबूल करतो. पडदा पडतो, टाळ्याही पडतात. पण प्रेक्षकांत एखादा निवृत्त पोलीस बसलेला असला तर त्याच्या चेहऱ्याकडे पाहवत नाही.

हा इन्स्पेक्टर आपल्याकडे आला तो मुंबईच्या चित्रपटांतून आणि जुन्या रहस्यकथांतून. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. त्यांचे झुंजार आणि काळापहाड वाचत मराठी वाचकांच्या पिढ्या वाढल्या. पण त्या कथांत पराक्रम नायकाचा. पोलीस मागाहून येऊन बेड्या ठोकणार. त्याचे काम कसे चालते हे सांगायची बाबूरावांना फारशी गरज नव्हती. आजच्या वाचकाचे तेवढ्याने भागत नाही.

आता असे समजू की एखाद्या लेखकाने आपली खूनकथा ओमानमधल्या सलालाह शहरात घडवायची ठरवली. कल्पना वाईट नाही. आखातात पोटापाण्यासाठी गेलेले मराठी लोक पुष्कळ आहेत, आणि सलालाह तर कोकणी वंशाच्या लेखकाला मोह पाडील असेच गाव आहे. जो नैर्ऋत्य मोसमी वारा रत्नागिरीला पाऊस देतो त्याचाच एक पदर जून ते सप्टेंबर धोफारच्या डोंगरांना लागतो. बाकीचे अरबस्तान भाजून निघत असताना इथे भुरभुर पाऊस, धुके आणि हिरवळ असते. या ऋतूला तिथे ‘खरीफ’ म्हणतात. रस्त्याच्या कडेला शहाळी, केळी, पपया विकायला मांडलेल्या असतात. धुके, परदेश, एका खोलीत राहणारे चार कामगार, त्यांतला एक मेलेला. गोष्ट तयारच आहे म्हणा. पण मुंबईचा इन्स्पेक्टर उचलून तिथे नेऊन बसवला तर ती पहिल्या पानावरच कोसळेल.

हवामानच घ्या. मृत्यू केव्हा झाला हे डॉक्टर सांगतो ते घड्याळ बघून नव्हे. शरीर ३७ अंशांवरून हळूहळू थंड होते. सर्वसाधारण हवेत ताशी अंशभर, असा ढोबळ हिशेब असतो. अंग दोन-चार तासांत ताठू लागते आणि बारा तासांच्या सुमारास पुरते ताठते. आता उन्हाळ्यातल्या मस्कतमध्ये बाहेरची हवाच चाळीस अंशांच्या वर असली तर उघड्यावरचे प्रेत थंड होणार कसे? तिथे तो हिशेब चालत नाही. खरीफातल्या सलालाहमध्ये हवा पंचविसाच्या आसपास असते, म्हणून तिथे तो बराचसा चालतो. उलट उघड्यावरचे रक्त आणि पावलांचे ठसे भुरभुर पावसात पुसले जातात. म्हणजे एकाच देशात दोन ठिकाणी दोन निराळे तपास! आणि कोणताही शहाणा डॉक्टर “रात्री अकरा वाजून वीस मिनिटांनी” असे म्हणत नाही. तो “नऊ ते एकच्या दरम्यान” असे सांगतो. त्या चार तासांतच तुमचे संशयित मावले पाहिजेत.

तपास कोण करतो? तिथे रॉयल ओमान पोलीस. या एकाच खात्याकडे वाहनांची नोंदणी, परदेशी लोकांची निवासपत्रे आणि सीमेवरचे येणेजाणेही आहे. तेव्हा खरा अधिकारी आधी भिंग काढून गालिचा तपासत बसणार नाही. काल रात्रीपासून विमानतळावरून कोण गेले, कोणाचा परवाना संपत आला होता, कोणती गाडी कोणाच्या नावावर आहे, हे तो कचेरीत बसून काढील. सलालाहहून मस्कत हजार किलोमीटर दूर आहे. मुख्य रस्ता डोंगर ओलांडून थुमरैतला जातो आणि पुढे नुसते वाळवंट. दुसरीकडे येमेनची सीमा. पळणाऱ्याला वाटा मोजक्या, हे लेखकाच्या पथ्यावरच पडते. मात्र खरीफात पर्यटकांची झुंबड उडते, अलीकडे तर एका हंगामात दहा लाखांपर्यंत. त्या गर्दीत एक अनोळखी माणूस सहज हरवेल.

अटक झाली की तिथल्या १९९९ च्या फौजदारी प्रक्रिया कायद्याप्रमाणे पोलिसांना ४८ तासांत आरोपीला सोडावे तरी लागते किंवा सरकारी अभियोग खात्याकडे पाठवावे तरी लागते. पुढची चौकशी ते खाते चालवते. म्हणजे आपल्या नाटकातला सर्वेसर्वा इन्स्पेक्टर दोन दिवसांत बाजूला होतो आणि खुर्चीवर दुसराच माणूस येऊन बसतो. या दुसऱ्या माणसाला पहिल्याच्या तर्कांशी देणेघेणे नसते. त्याला कागद हवा असतो.

आणि कागद अरबीत असतो. आरोपी मराठी, चौकशी अरबी, मध्ये दुभाषा. तोही बहुधा हिंदी किंवा मल्याळी बोलणारा. आपल्या भाषेत “मी त्याला मारलं” याचा अर्थ चापट मारली असाही होतो आणि जीव घेतला असाही होतो. खोलीतल्या भांडणाबद्दल विचारले असता कोकणातला एखादा पोरगा घाबरून हे तीन शब्द बोलला आणि दुभाष्याने त्यांतला दुसरा अर्थ लिहून दिला, तर? सही त्याला वाचता न येणाऱ्या मजकुराखाली होईल. परदेशी कैद्याला आपल्या वकिलातीला कळवण्याचा हक्क १९६३ च्या व्हिएन्ना करारात दिलेला आहे, पण भारताची वकिलात मस्कतला, हजार किलोमीटरवर. मला विचाराल तर सगळे रहस्यनाट्य या तीन शब्दांतच आहे. विषाची बाटली आणि गुप्त दरवाजा यांची गरजच नाही.

कबुलीवर मी इतका भर देतो याला कारण आहे. हिंदुस्थानात १८७२ च्या पुरावा कायद्यापासून पोलिसांपुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. २०२४ च्या जुलैपासून नवा कायदा आला, त्यातही हे तत्त्व कायम आहे. अपवाद एकच: कोठडीतल्या आरोपीच्या सांगण्यावरून एखादी वस्तू सापडली तर सांगण्याचा तेवढाच भाग घेता येतो. तो नेमका किती घ्यायचा हे लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने १९४६ साली पुलुकुरी कोट्टय्या खटल्यात ठरवून दिले. आपल्या मॉरिशसचे शेवटचे अपील आजही त्याच प्रिव्ही कौन्सिलकडे जाते. आपल्या बेटावर २०११ साली एका हॉटेलात परदेशी नववधूचा खून झाला तो खटला वाचकांना आठवत असेल. सरकार पक्षाने एका आरोपीच्या कबुलीवर भर दिला. ती मारहाण करून घेतली, असे बचाव पक्षाने सांगितले. २०१२ साली ज्यूरीने दोन्ही आरोपींना निर्दोष सोडले. खून कोणी केला हा प्रश्न निकालानंतरही उभाच राहिला. ज्या एकांकिकेत थपडेने खुनी सापडतो तिचा लेखक हे विसरलेला असतो.

मग खरा तपास दिसतो तरी कसा? पुण्याचे जोशी-अभ्यंकर प्रकरण पाहा. जानेवारी १९७६ ते मार्च १९७७ या काळात दहा माणसे मारली गेली. अंधार पडला की पुण्यात लोक दारे लावून घेत. मारणारे अभिनव कला महाविद्यालयाचे चार विद्यार्थी होते, आणि चौदा महिने पोलिसांना ते सापडले नाहीत. हे चौदा महिने कोणत्याही मराठी नाटकात मी पाहिलेले नाहीत! शेवटचे प्रेत लोखंडी शिडीला बांधून नदीत टाकले होते, ते बंडगार्डनजवळ वर आले. सहायक पोलीस आयुक्त मधुसूदन हुल्याळकर यांच्या पथकाने या चौघांना त्या रात्री कुठे होता, असे साधे प्रश्न विचारले. उत्तरे एकमेकांशी जुळेनात. ओळखीतले तरुण बोलू लागले, एक सहविद्यार्थी माफीचा साक्षीदार झाला, आणि पहिल्या बळीचे प्रेत तळ्यात टाकलेल्या पिंपातून निघाले. १९७८ साली सत्र न्यायालयाने शिक्षा दिली ती या साऱ्या जुळणीवर. यात कुठेही एका बुद्धिमान माणसाची झेप नाही. तोच प्रश्न चौघांना वेगवेगळे बसवून विचारणे आहे.

सलालाहच्या गोष्टीतही हेच करता येईल. खोलीतल्या उरलेल्या तिघांना वेगवेगळे विचारा: जेवण कोणी केले, दिवा कोणी मालवला, पाऊस होता की नुसते धुके. तीन उत्तरे आली की प्रेक्षक स्वतःच इन्स्पेक्टर होतो.

शेवटाबद्दल एक सांगायचे राहिले. ओमानमध्ये हेतुपूर्वक खुनाला मृत्युदंड आहे. पण मृताच्या वारसांनी क्षमा केली किंवा रक्ताची भरपाई, म्हणजे ‘दिया’, स्वीकारली तर तो टळून तुरुंगवास होऊ शकतो. म्हणजे खुनी सापडला तरी गोष्ट संपत नाही. ती समुद्र ओलांडून मृताच्या घरी येते. तोवर पोलिसांचा दाखला, वकिलातीचे कागद आणि विमानाची व्यवस्था होऊन प्रेत गावी आलेले असते, दिवसही झालेले असतात. शेवटचा प्रवेश मग कोकणातल्या एखाद्या ओटीवर ठेवावा. म्हातारी आई, भाषांतर वाचून दाखवणारे गावचे गुरुजी, पुढ्यात अरबी शिक्क्याचा कागद आणि अंगठ्यासाठी शाईची डबी. इन्स्पेक्टर या प्रवेशात नसला तरी चालेल.