अर्ध्या मिलिमीटरचं काम

यामाहा आरएक्स १००चा ब्लॉक सुटा करून टेबलावर ठेवला की आधी त्याच्या छोट्या आकाराचंच नवल वाटतं. बाहेरून ॲल्युमिनियमचे फिन्स, आत बिडाची नळी. नळीचा व्यास ५० मिलिमीटर, पिस्टनचा खाली-वर प्रवासही ५० मिलिमीटर. या नळीच्या भिंतीत काही भोकं आहेत, त्यांना पोर्ट म्हणतात. गाडी चिखलातून कशी निघेल, चढावर दम टाकेल का, मोकळ्या रस्त्यावर किती पळेल, यातलं बरंचसं त्या भोकांच्या वरच्या काठाच्या उंचीवर ठरतं. फोर-स्ट्रोकसारखे डोक्यावरचे व्हॉल्व्ह इथे नाहीत, कॅमशाफ्ट नाही. पिस्टनच खाली-वर जाताना भोकं उघडतो आणि मिटतो.

वाशिम जिल्ह्यात डांबर सोडून चालणारी टू-स्ट्रोक इंजिनं उरलीत का ते बघून या, एवढंच संपादकांचं सांगणं होतं. १ जुलै १९९८ला अकोल्यातून वेगळा झालेला हा सहा तालुक्यांचा जिल्हा सोयाबीनवर जगतो. इथे मोटोक्रॉसचा ट्रॅक नाही. पण जूनमध्ये काळी माती भिजली की रिसोड किंवा मानोऱ्याकडच्या पाणंद रस्त्यावर गाडी घालणं ही रोजची गरज होते. त्या मातीत मागचं चाक एकदा गरगरलं की खड्डा करून तिथेच बसतं. राजदूतवर दुधाच्या कॅन बांधून फिरणारे लोक एकेकाळी या रस्त्यांवर नेहमी दिसत. राजदूत आता क्वचित दिसते, आरएक्स मात्र अजून भेटते, आणि तिला नीट समजणारी माणसं थोडी असली तरी आहेत.

त्यातले एक मिस्त्री मला वाशिम शहरात भेटले. नाव छापू नका म्हणाले, म्हणून इथे ते मिस्त्रीच. वय साठीच्या आसपास. बोलताना डोळे हातातल्या कामावर. सिलिंडर हातात आला की ते आधी एक्झॉस्ट पोर्टच्या काठावरून आतून बोट फिरवतात. काठ टोकदार लागला तर कुणीतरी घाईत घासलंय हे त्यांना तिथेच कळतं.

या यंत्राचा इतिहास लांबलचक आहे, थोडक्यात सांगतो. इंग्लंडच्या जोसेफ डे यांनी १८९१ मध्ये क्रँककेसमध्येच मिश्रण दाबून वर पाठवणाऱ्या इंजिनाचं पेटंट घेतलं. जर्मनीच्या अडोल्फ श्न्यूर्ले यांनी १९२०च्या दशकात ताज्या मिश्रणाचे दोन झोत एक्झॉस्टच्या विरुद्ध भिंतीवर सोडून त्यांना वर वळवण्याची युक्ती काढली. त्याच युक्तीवर डीकेडब्ल्यू या जर्मन कंपनीची आरटी १२५ मोटरसायकल उभी राहिली, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर तिच्या नकला जगभर झाल्या. यामाहाची पहिली मोटरसायकल, १९५५ची वायए-१, त्यातलीच एक. त्या घराण्यातली आरएक्स १०० भारतात १९८५च्या अखेरीस एस्कॉर्ट्समार्फत आली आणि प्रदूषणाचे नियम कडक होताच १९९६ मध्ये बंद पडली. ९८ सीसीमधून मिनिटाला ७५०० फेऱ्यांना ११ अश्वशक्ती हा त्या काळच्या शंभर सीसीत मोठा आकडा होता.

मला धरून ठेवलं ते एक्झॉस्ट पोर्टनं. स्फोटानंतर पिस्टन खाली येताना आधी हे भोक उघडतं आणि जळालेला वायू सायलेन्सरकडे धावतो. पिस्टन आणखी उतरला की बाजूची ट्रान्सफर पोर्ट उघडतात आणि क्रँककेसमध्ये दाबलेलं पेट्रोल-हवेचं मिश्रण वर येतं. जुनं बाहेर काढणं आणि नवं भरणं ही दोन्ही कामं एकाच जागेत, जवळजवळ एकाच वेळी उरकायची असतात. ७५०० फेऱ्यांना एक पूर्ण फेरी आठ मिलिसेकंदांत संपते. एक्झॉस्ट अर्धी फेरी उघडा राहिला, तरी या सगळ्या देवघेवीला चार मिलिसेकंद मिळतात.

आता त्या भोकाचा वरचा काठ एक मिलिमीटर उंच केला, असं समजा. ५० मिलिमीटर स्ट्रोकच्या इंजिनात पिस्टन मधल्या पट्ट्यातून जाताना क्रँकच्या दर अंशाला सुमारे ०.४४ मिलिमीटर सरकतो. म्हणजे भोक सव्वादोन अंश आधी उघडेल आणि सव्वादोन अंश उशिरा मिटेल. एकूण साडेचार अंश. वरच्या फेऱ्यांना ही वाढीव वेळ उपयोगी पडते, वायू पुरता बाहेर पडतो, गाडी वर पळते. खालच्या फेऱ्यांना तोच बदल नडतो. पिस्टनला ढकलणारा दाब लवकर निसटतो, वर येताना भोक उशिरा मिटल्यामुळे मिश्रण नीट दाबलं जात नाही, आणि हळू चालवताना गाडी ओढत नाही.

मिस्त्रींनी हेच एका वाक्यात सांगितलं. "वरतं घासलं का खालचं गेलं, भाऊ. पोट्टे टॉप मागतेत, अन् गाडी घालतेत वावरात."

वावरात लागते ती ताकद कमी फेऱ्यांना हवी आणि ती सलग वाढायला हवी. टू-स्ट्रोकचा ठरलेला दोष असा की ठरावीक फेऱ्यांपर्यंत इंजिन मरगळलेलं असतं आणि मग एकदम उसळतं. कोरड्या रस्त्यावर त्या उसळीची मजा वाटते. ओल्या काळ्या मातीत तिनं चाक सुटतं. ही उसळी येते मुख्यतः सायलेन्सरच्या नळीतल्या दाबाच्या लाटेमुळे. पूर्व जर्मनीच्या एमझेड कारखान्यात वॉल्टर काडेन यांनी या लाटेचा अभ्यास करून पोटाशी फुगलेली नळी घडवली. लाट नेमक्या क्षणी परत येते आणि बाहेर निसटू पाहणारं ताजं मिश्रण पुन्हा सिलिंडरमध्ये ढकलते. १९६१ मध्ये त्यांनी १२५ सीसीतून २५ अश्वशक्ती काढली, म्हणजे लिटरला २००. त्याच वर्षी त्यांचा रायडर अर्न्स्ट डेगनर स्वीडनच्या शर्यतीतून पळून पश्चिमेकडे गेला, ही विद्या सुझुकीकडे पोहोचली, आणि १९६२ मध्ये सुझुकीनं ५० सीसीचं जगज्जेतेपद मिळवलं. पण लाटेचं गणित फेऱ्यांच्या एका ठरावीक पट्ट्यातच जुळतं. त्याबाहेर तीच लाट अवेळी येऊन काम बिघडवते.

यावर यामाहानं १९७०च्या दशकाच्या अखेरीस शर्यतीच्या गाड्यांत पॉवर व्हॉल्व्ह आणला. एक्झॉस्टच्या वरच्या काठाशी फिरणारा एक दंडगोल खालच्या फेऱ्यांना काठ खाली आणतो, वरच्या फेऱ्यांना वर नेतो. म्हणजे भोकाची उंची चालता चालता बदलते. मोटोक्रॉसच्या टू-स्ट्रोक गाड्या माणसाला आवरता येऊ लागल्या त्या बऱ्याच अंशी यामुळे. आरएक्सला हे नाही. तिच्या मालकाला एकच उंची निवडावी लागते, आणि निवड बिडात कोरलेली असते.

म्हणून मिस्त्री आधी कापत नाहीत. ब्लॉकखाली जाड पॅकिंग घालतात. त्यानं अख्खा ब्लॉक वर उचलला जातो, सगळी पोर्ट थोडी लवकर उघडतात, आणि गिऱ्हाइकाला चार दिवस गाडी चालवून बघता येते. दाब थोडा उतरतो, पण मासला कळतो. आवडलं नाही तर जुनं पॅकिंग परत. त्यानंतरही माणूस ठाम असेल तरच गोल कानस आणि फ्लेक्सिबल शाफ्टचा ग्राइंडर निघतो. अर्धा मिलिमीटर, मग व्हर्निअर, मग थांबायचं. शेतात जाणाऱ्या गाडीचा काठ ते उंच करतच नाहीत. भोकाच्या तोंडाशी ओतकामातून राहिलेले उंचवटे साफ करतात, क्रँककेस आणि ब्लॉक जिथे मिळतात तिथली पायरी जुळवतात आणि मागचं स्प्रॉकेट दोन दात मोठं बसवतात. ट्रान्सफर पोर्टच्या छताला हात लावत नाहीत. तिथला कोन बिघडला की झोत वळत नाही, मिश्रण सरळ एक्झॉस्टमध्ये जातं. गाडी पेट्रोल पिते आणि चालत नाही.

खरिपात याच टेबलावर दुसरं टू-स्ट्रोक येतं, पाठीवरचा फवारणी पंप. त्याचा एक्झॉस्ट पोर्ट शेजारी ठेवून बघण्यासारखा आहे. पंपाला गिअर नाही, चढ नाही. एका ठरावीक वेगाला पंखा फिरवत राहणं एवढंच काम, म्हणून त्याची भोकं त्याच एका वेगासाठी बेतलेली असतात. तेच यंत्र आरएक्समध्ये रस्ता, चिखल आणि चढ एकाच उंचीवर निभावतं, हे पाहिल्यावर ती उंची ज्यांनी ठरवली त्यांच्याबद्दल मला अपार आदर वाटला.

अडचणी सांगायला कुठून सुरुवात करावी? सगळ्यात जुनी अडचण रिंगची. एक्झॉस्ट रुंद केला तर वायू जास्त जातो, पण पिस्टनची रिंग त्या मोकळ्या जागेत फुगते. बोअरच्या साठ-सत्तर टक्क्यांपलीकडे रुंदी गेली, काठ तिरपा घासून मऊ केला नाही, तर रिंग काठाला अडकून तुटते आणि नळी ओरखडत नेते. शंभरातला एक मिस्त्री काठ मऊ करतो, असं हे मिस्त्री म्हणाले. तो आकडा रागाचा होता, पण राग खोटा नव्हता.

नळी ओरखडली की रिबोअर. पिस्टन पाव-पाव मिलिमीटरनं मोठा होत एक मिलिमीटरपर्यंत जातो, मग रस्ता संपतो. नवी नळी ठोकायची तर तिच्यात भोकं नव्यानं कापावी लागतात. बाजारातल्या नकली ब्लॉकमध्ये दोन नग शेजारी धरले तरी भोकांची उंची जुळत नाही. अस्सल जपानी ब्लॉकचा भाव मी विचारला आणि पुढे त्याबद्दल बोलणं सोडून दिलं.

दुसरी अडचण धुराची आहे, आणि तिच्याकडे डोळेझाक करणं मला जमणार नाही. एक्झॉस्ट आणि ट्रान्सफर ही दोन्ही भोकं काही काळ एकाच वेळी उघडी असतात, त्यामुळे कार्बोरेटरच्या टू-स्ट्रोकमध्ये १५ ते ४० टक्के ताजं मिश्रण न जळताच बाहेर जाऊ शकतं. वेडंवाकडं पोर्टिंग हे प्रमाण वाढवतं. मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमाप्रमाणे नोंदणीतल्या मूळ तपशिलाबाहेरचे बदल चालत नाहीत, आणि गावातून कर्कश नळी वाजवत जाणाऱ्याची बाजू मी घेणार नाही. धुरावर उपाय निघाले आहेत. केटीएमनं २०१७ मध्ये २५० आणि ३०० सीसीच्या एन्ड्युरो गाड्यांत पेट्रोल थेट ट्रान्सफर पोर्टमध्ये सोडायला सुरुवात केली. पण चाकणला बनणाऱ्या केटीएम फोर-स्ट्रोक आहेत. जानेवारी २०२४ मध्ये पुण्याच्या बालेवाडीत सुपरक्रॉस लीगची पहिली फेरी झाली, तिथेही मोठ्यांच्या २५० आणि ४५० सीसी गाड्या फोर-स्ट्रोक. जगभर मुलांच्या ६५ आणि ८५ सीसी मोटोक्रॉस गाड्या मात्र अजून टू-स्ट्रोक आहेत. फवारणीतही बॅटरीचे पंप आले.

मला सगळ्यात जास्त काळजी वाटली ती कागदांची. चांगला ब्लॉक आला की मिस्त्री जाड कागदाची सुरळी आत घालतात, पेन्सिल आडवी धरून घासतात आणि कागद उलगडतात. सगळी भोकं सपाट, खऱ्या मापात उमटतात. असे ठसे एका फाइलमध्ये आहेत. त्यावर गावांची नावं आहेत, शिरपूर, कारंजा, मालेगाव, पण वरच्या पृष्ठभागापासूनची मापं, पॅकिंगची जाडी, पिस्टनचा नंबर काही नाही. ते त्यांच्या डोक्यात. मुलगा स्कॅनर लावून फ्युएल इंजेक्शनच्या गाड्या बघतो, तेही कसबी काम आहे आणि पोट त्यावर चालतं. मी मापं लिहून घेऊ का विचारलं तर मिस्त्री हो म्हणाले, आणि आम्ही फाइल घेऊन बसलो. निम्म्या ठशांचे ब्लॉक आता गाडीसकट विकले गेले आहेत, त्यांची मापं कागदावरूनच घ्यावी लागली, आणि पेन्सिलीची रेघच अर्धा मिलिमीटर जाड आहे. टेबलाखाली नवी नळी बसवलेले दोन ब्लॉक थांबलेत. त्यांचा ठसा कधी घेतला नव्हता. कुणीतरी आपल्या चालू आरएक्सचं हेड आणि ब्लॉक उघडू देईल, तेव्हा तिची मापं घेऊन या दोन नळ्यांची भोकं कापता येतील.