अक्षतांऐवजी फुलपाखरं?

हडपसर, मांजरी, फुरसुंगी, सासवड रस्ता या पट्ट्यात लग्न म्हटलं की आता लॉन्स. अक्षतांच्या जागी फुलांच्या पाकळ्या आल्या, मग स्टेजवर धूर आला. आता परदेशातल्या लग्नांचे व्हिडिओ बघून जिवंत फुलपाखरं सोडायची टूमही कुणाच्या तरी डोक्यात येते. फटाके नकोत, निसर्गाशी जवळीक साधणारं काहीतरी असावं, एवढीच त्यामागची इच्छा असते. पण ज्या समजुतींवर ती उभी आहे, त्या बहुतेक चुकीच्या आहेत.

‘आपण त्यांना सोडूनच देतोय, म्हणजे पुण्यच की!’ ही त्यांतली सगळ्यात पक्की समजूत. पण सोडायचं तर आधी कोंडावं लागतं. अमेरिकेत हा रीतसर धंदा आहे. शेडमध्ये वाढवलेली फुलपाखरं पंख मिटवून एकेक कागदी पाकिटात घालतात आणि बर्फाच्या थंड पिशव्यांसोबत खोक्यात भरून कुरिअरने धाडतात. थंडीने ती शांत झोपतात असं सांगितलं जातं. खरं तर ती गारठून बधिर होतात. फुलपाखराच्या अंगातली ऊब बाहेरच्या हवेवर आणि उन्हावर अवलंबून असते. उडायचे स्नायू पुरेसे तापल्याशिवाय त्याला उडता येत नाही. पाकीट उघडलं की ते तळहातावर कुशीवर पडून राहतं, पाय पोटाशी घेतलेले. मग मिशा हलतात, पंख उघडतात आणि ते ऊन खात बसतं. शेवटचं ‘सावधान’ झाल्यावर एवढं थांबायला कुणाला वेळ असतो?

त्यात मुहूर्त गोरज असेल तर विचारूच नका. ऊन उतरलं की फुलपाखरं पानाआड विसाव्याला जातात. रात्रीच्या रिसेप्शनला सोडलेलं फुलपाखरू आकाशात झेपावत नाही, गालिच्यावर उतरतं, आणि तिथे चपला-बूट असतात. दिव्यांभोवती घिरट्या घालताना आपण बघतो, ते बहुतेक पतंग.

‘लॉनवर फुलं आहेत ना, मध पिऊन जगतील.’ स्टेजवरची जरबेरा, कार्नेशन ही पॉलिहाउसमधली, तोडलेली, अनेकदा कीटकनाशक फवारलेली फुलं. खाली नुसतं कापलेलं गवत.

‘निदान त्यांची संख्या तरी वाढेल.’ इथे जरा थांबायला हवं, कारण ही समजूत शिकल्यासवरल्या माणसांतही आढळते. फुलपाखरं किती असतील हे अळीला खायला काय मिळतं त्यावर ठरतं, आणि अळीचे नखरे फार असतात. प्लेन टायगरची मादी रुईच्या कुळातल्या झाडांवरच अंडी घालते. कालव्याच्या कडेला किंवा मोकळ्या प्लॉटवर रुईचं झुडूप दिसलं तर पान उलटून बघा: काळ्या, पांढऱ्या, पिवळ्या पट्ट्यांची अळी आणि तिच्या पाठीवर काळ्या तंतूंच्या तीन जोड्या. ब्लू मॉरमॉनला महाराष्ट्राने 2015 साली राज्य फुलपाखराचा मान दिला. त्याच्या अळीला लिंबाच्या कुळातली झाडं लागतात. प्लॉट साफ करताना आपण ‘रान’ म्हणून रुई उपटतो आणि मग फुलपाखरं विकत आणायच्या गोष्टी करतो, याचं मला फार वाईट वाटतं. शिवाय दाटीत वाढवलेल्या फुलपाखरांत रोग लवकर पसरतात. अमेरिकेतल्या मोनार्कवरचा एक सूक्ष्म परजीवी तर मादीच्या अंगावरून अंड्यांवर आणि तिथून अळीच्या पोटात जातो. त्याच मोनार्कला धोक्यात आलेल्या जातींत घ्यावं, असा प्रस्ताव तिथल्या वन्यजीव खात्याने डिसेंबर 2024 मध्ये मांडला.

एक समज मात्र उलट्या बाजूचा आहे: बोट लागून पंखांची पूड निघाली की फुलपाखरू मरतंच. तसं नाही. ती पूड म्हणजे बारीक खवले. थोडे गळाले तरी ते उडतं.

‘किड्यामाकोड्यांना कसला आलाय कायदा?’ आहे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या परिशिष्टांत फुलपाखरांच्या अनेक जाती आहेत, आणि परिशिष्टातला जीव नुसता पकडणं हीसुद्धा कायद्याच्या लेखी शिकारच. 2008 मध्ये दार्जिलिंगजवळ सिंगालीला उद्यानातून भुंगे आणि फुलपाखरं गोळा करणाऱ्या दोन चेक नागरिकांना अटक झाली होती. बाकीच्या जाती मोकाट, असंही नाही. 1960 च्या प्राणी क्लेश प्रतिबंधक कायद्यात माणूस सोडून प्रत्येक सजीव ‘प्राणी’ ठरतो, आणि अपुऱ्या जागेत कोंडणं, यातना होतील असं वाहून नेणं हे त्यातले गुन्हे आहेत.

पाहुण्यांना रोप द्यायची पद्धत आपल्याकडे रुळलीच आहे. लग्नात फुलपाखरं हवीतच असतील तर कढीपत्ता आणि लिंबाची रोपं द्या. नर्सरीत औषध मारलंय का, एवढं विचारून घ्या. रोपासोबत एक चिठ्ठीही असू द्या: पानावर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी आढळली तर फवारणी करू नका. ती लाइम किंवा कॉमन मॉरमॉन फुलपाखराची असते, थोडी मोठी झाली की हिरवी होते.