प्रावीण्यचिन्हांचे मोल

बालवीर व वीरबाला यांच्या गणवेषावरील छोटी चिन्हे पुष्कळांना केवळ शोभेची वाटतात. वस्तुतः प्रत्येक चिन्हामागे परीक्षेत सिद्ध झालेले एक कौशल्य असते.

रॉबर्ट बेडन-पॉवेल यांनी १९०७ साली इंग्लंडमधील ब्राउन्सी बेटावर भरविलेल्या शिबिरातून या चळवळीचा उगम झाला. भारतात विविध संघटनांच्या एकीकरणातून ७ नोव्हेंबर १९५० रोजी ‘भारत स्काऊट्स आणि गाईड्स’ ही संस्था स्थापन झाली. तिच्या शिक्षणक्रमात प्रवेशानंतर प्रथम, द्वितीय व तृतीय सोपान असून, त्यापुढे राज्य पुरस्कार व राष्ट्रपती पुरस्कार आहेत. त्यांच्या जोडीने स्वयंपाक, बागकाम, पोहणे, रुग्णसेवा अशा विषयांची प्रावीण्यचिन्हे मिळविता येतात.

या पद्धतीत पहिला-दुसरा क्रमांक नसतो. ठरलेल्या कसोटीस उतरणाऱ्या प्रत्येकास चिन्ह मिळते. आज न जमल्यास सरावानंतर पुन्हा परीक्षा देता येते. त्यामुळे वर्गात मागे पडणाऱ्या मुलालाही येथे आत्मविश्वास लाभतो.

तथापि, परीक्षकांनी कसोटी शिथिल करणे इष्ट नव्हे. रुग्णसेवेचे चिन्ह लावणाऱ्यास ऐन वेळी रक्तस्राव थांबविता आला नाही, तर हाल जखमी माणसाचे होतील. चिन्ह हे समाजाला दिलेले वचन आहे, ही जाणीव पालक व शिक्षकांनी मुलांच्या मनी रुजविणे अगत्याचे आहे.