अव्वल स्थानाचे मोल किती?

नेरूळच्या डी. वाय. पाटील क्रीडासंकुलात २५ एप्रिल २०१० रोजी चेन्नई सुपर किंग्जने मुंबई इंडियन्सला २२ धावांनी हरवले आणि आयपीएलच्या तिसऱ्या हंगामाचे जेतेपद पटकावले. हाताला टाके पडलेले असताना सचिन तेंडुलकरने केलेल्या ४८ धावा नवी मुंबईकरांना आजही आठवतात. त्या हंगामाची गुणतालिका मात्र फारशी कोणाच्या स्मरणात नाही. मुंबईने साखळीत १४ पैकी १० सामने जिंकून २० गुणांसह अव्वल स्थान मिळवले होते. चेन्नईने सात सामने जिंकले आणि सात गमावले. चौदा गुणांवर चार संघ अडकल्याने सरस धावगतीचा निकष लावावा लागला. त्यात चेन्नई आणि बेंगळुरूला उपान्त्य फेरी मिळाली, तर दिल्ली आणि कोलकाता घरी परतले. निम्मे सामने हरलेला संघ विजेता ठरला, आणि त्यात नियमांचा कोठेही भंग झाला नव्हता.

दोष असलाच तर तो स्पर्धेच्या रचनेचा होता. पहिल्या तीन हंगामांत साखळीतील चार संघ थेट उपान्त्य फेरीत खेळत. एकदा तेथे पोहोचल्यावर पहिल्या आणि चौथ्या क्रमांकात काहीच फरक उरत नसे. २००८ मध्ये अव्वल राहिलेल्या राजस्थान रॉयल्सने याच नेरूळच्या मैदानावर अखेरच्या चेंडूवर बाजी मारली, त्यामुळे हा प्रश्न झाकला गेला. २००९ मध्ये चौथ्या क्रमांकाचा डेक्कन चार्जर्स विजेता ठरला आणि २०१० मध्ये तिसऱ्या क्रमांकाचा चेन्नई. जवळपास दीड महिना चाललेल्या साखळीचे प्रयोजन मग काय, असा प्रश्न उभा राहणे स्वाभाविक होते.

२०११ पासून उपान्त्य फेरी गेली आणि चार सामन्यांची प्ले-ऑफ पद्धत आली. पहिला व दुसरा संघ क्वालिफायरमध्ये परस्परांशी खेळतात. जिंकणारा थेट अंतिम फेरीत जातो, हरणाऱ्याला आणखी एक संधी मिळते. तिसरा आणि चौथा संघ एलिमिनेटरमध्ये भिडतात, तेथे हरणाऱ्याचा खेळ संपतो. सर्व संघ तुल्यबळ मानले, तर उपान्त्य पद्धतीत चौघांनाही जेतेपदाची २५ टक्के संधी असते. नव्या पद्धतीत पहिल्या दोघांची संधी ३७.५ टक्क्यांवर जाते आणि उरलेल्या दोघांची १२.५ टक्क्यांवर येते. निकालही त्याच दिशेने लागले. २०११ ते २०२५ या पंधरा हंगामांतील विजेत्यांपैकी पाच संघ साखळीत पहिले होते, नऊ दुसरे होते. तिसऱ्या क्रमांकावरून जेतेपद मिळवणारा एकच संघ निघाला, २०१६ चा सनरायझर्स हैदराबाद.

महिला प्रीमियर लीगने याहून वेगळी वाट निवडली. या लीगचा श्रीगणेशाही ४ मार्च २०२३ रोजी नेरूळलाच झाला. पाच संघ, प्रत्येकाची इतरांशी दोनदा गाठ, असे साखळीचे २० सामने. अव्वल संघ थेट अंतिम फेरीत आणि दुसऱ्या-तिसऱ्यात एक एलिमिनेटर. एकूण सामने २२. अव्वल संघाला याहून मोठे बक्षीस देणे कठीण आहे. त्याची संधी ५० टक्के, इतर दोघांची प्रत्येकी २५.

प्रत्यक्षात काय घडले? २०२३, २०२४ आणि २०२५ अशी सलग तीन वर्षे दिल्ली कॅपिटल्सने साखळीत पहिला क्रमांक मिळवला आणि तिन्ही वेळा अंतिम सामना गमावला. दोनदा मुंबईकडून, एकदा बेंगळुरूकडून. २०२४ मधील विजेता बेंगळुरू तर आठ गुणांसह तिसऱ्या स्थानी होता. दिल्लीचे गुण होते बारा. तीन नाणी उडवली तर तिन्ही वेळा काटा पडण्याची शक्यता आठात एक असते. म्हणजे हा निव्वळ योगायोगही असू शकतो, आणि तीन सामन्यांवरून पद्धतीलाच दोषी ठरवणे घाईचे होईल.

तरीही २०२५ चे वेळापत्रक पाहिले की शंका बळावते. दिल्लीचा साखळीतील शेवटचा सामना ७ मार्चला लखनऊत झाला. त्यानंतर थेट १५ मार्चचा अंतिम सामना, तोही ब्रेबॉर्नवर. त्याच मैदानावर मुंबई १० आणि ११ मार्चला साखळीत खेळली, १३ मार्चला एलिमिनेटर जिंकली आणि चौथ्यांदा उतरली ती अंतिम सामन्यासाठी. गुण दोघांचेही दहाच होते. धावगतीने दिल्ली वर राहिली. वडोदरा, बेंगळुरू, लखनऊ आणि मुंबई अशा चार शहरांत झालेल्या त्या हंगामात दिल्लीला घरचे मैदान मिळालेच नाही. मुंबईने तो अंतिम सामना अवघ्या आठ धावांनी जिंकला. अर्थात मैदानावरच सारे खापर फोडता येणार नाही, कारण २०२४ चा अंतिम सामना दिल्ली स्वतःच्या अरुण जेटली मैदानावर हरली होती. बिनबाद ६४ वरून संघ ११३ धावांत गारद झाला होता.

साखळीत प्रत्येक जोडी दोनदा का खेळते, याचे मूळ उत्तर 'एकदा आपल्या गावी, एकदा त्यांच्या' असे आहे. फुटबॉलच्या लीग याच हिशेबावर उभ्या आहेत. स्पर्धेचा तांडा एका शहरातून दुसऱ्या शहरात हलवला, की तो हिशेब कोलमडतो. २०२३ मध्ये सर्व सामने नेरूळ आणि ब्रेबॉर्नवर झाले, तेव्हा पाचपैकी एकच संघ घरी खेळत होता. पहिल्या वर्षी खर्च आणि नियोजन पाहता ते समजण्याजोगे होते.

मग बदल कोणता करावा? पाच संघांत आयपीएलची प्ले-ऑफ आणली तर चार संघ पुढे जातील आणि साखळी केवळ एकाला वगळण्यापुरती उरेल. तो मार्ग नकोच. अधिक विचारार्ह पर्याय एका जादा सामन्याचा आहे. पहिला आणि दुसरा संघ आधी खेळतील, जिंकणारा अंतिम फेरीत जाईल, हरणारा तिसऱ्याशी लढेल. तुल्यबळ संघांचा हिशेब मग ३७.५, ३७.५ आणि २५ टक्के असा होतो. अव्वल संघाचे कागदावरचे बक्षीस यात घटते, पण तो आठ दिवस नुसता बसून राहत नाही आणि एका वाईट संध्याकाळीने त्याचा हंगामही संपत नाही. दुसरा पर्याय याहून स्वस्त आहे. रचना तशीच ठेवून अंतिम सामना अव्वल संघाच्या शहरात घ्यायचा. मात्र तिकीटविक्री, हॉटेले आणि प्रक्षेपणाची यंत्रणा महिनोनमहिने आधी ठरत असल्याने आयोजक याला सहजी राजी होणार नाहीत. जादा सामन्याला ही अडचण नाही. तो प्रक्षेपकालाही हवाच असेल.

सहावा संघ आल्यास साखळीचेच सामने ३० होतील आणि अकरात किमान सहा भारतीय खेळाडूंना नव्याने जागा मिळेल. २ नोव्हेंबर २०२५ रोजी भारतीय महिलांनी नेरूळलाच दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून विश्वचषक जिंकल्यानंतर या मागणीला वजन आले आहे. वायकॉम-१८ने ९५१ कोटी रुपयांना घेतलेले प्रक्षेपण हक्क २०२३ ते २०२७ या पाच हंगामांचे आहेत. सामन्यांची संख्या आणि अव्वल संघाचा वाटा, दोन्ही त्यापुढील कराराआधी ठरवावे लागतील.